राग "बाहेर काढायचा" म्हणजे नेमकं काय करायचं? थेरपीतले अनुभव लिहा

निर्झरा
नमस्कार मंडळी. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, पश्चिम महाराष्ट्रात एका तालुक्याच्या गावी गेली १४ वर्षं प्रॅक्टिस करतेय. मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी सल्ला दिला होता की डिप्रेशन म्हणजे आत दाबलेला राग, उशीवर बुक्के मारा आणि मोकळे व्हा. ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, कारण हेच मी स्वतः पेशंटला करायला लावलंय आणि त्याचं काय झालं ते अजून विसरता येत नाही. म्हणून सविस्तर लिहिते. पेशंट ओळखू येतील असे तपशील बदललेत.

नोकरीची पहिली दोन वर्षं होती. मी जिथे होते तिथे एका खोलीत गादी, लोड, तक्के ठेवलेले असायचे आणि राग काढायचा म्हणजे तो लोड बडवायचा अशी पद्धत. तिशीतला एक माणूस यायचा, डिप्रेशनच्या गोळ्या चालू, लहानपणी वडिलांचा भयंकर मार खाल्लेला. मी त्याला म्हटलं समोर वडील आहेत असं समजा. वीसेक मिनिटं बडवला त्याने लोड, शिवण उसवून कापूस बाहेर आला, घामाघूम झाला, मग रडला, म्हणाला मॅडम खूप हलकं वाटतंय, आणि मी फाइलमध्ये लिहिलं उत्तम प्रतिसाद. असे तीन सेशन झाले. चौथ्या वेळी तो आलाच नाही, त्याची बायको आली, सोबत ७ वर्षांचा मुलगा. तिने काही न बोलता पोराचा शर्ट वर केला. पाठीवर पट्ट्याचे वळ. याआधी त्यांनी पोराला कधी बोट लावलं नव्हतं म्हणाली, आणि मग मला विचारलं, "तुम्ही त्यांना मारायला शिकवताय का?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं हो. बिचारीला वाटलं उपचारात असंच असेल.

वड्याचं तेल वांग्यावर म्हणतो ना आपण, तर ती वाट मीच रुंद करून दिली होती. वडिलांवरचा राग वडिलांशी जोडून त्याला शब्द द्यायचं काम राहिलं बाजूला, आणि राग आला की हात उचलायचा याची मात्र तीन आठवडे चांगली तालीम झाली. तेव्हापासून मी या एका विषयावर हपापल्यासारखी वाचत आलेय. माझं मत आता पक्कं आहे: राग बाहेर पडतो तो आवाजाने आणि बुक्क्यांनी नव्हे, कुणाचा राग, कशासाठी, आणि तेव्हा मला काय हवं होतं हे एका भरवशाच्या माणसासमोर साध्या वाक्यात बोलता आलं की. आणि ते वाक्य यायला महिने लागतात.

तुमचे अनुभव लिहा. पेशंट म्हणून, घरचे म्हणून, डॉक्टर म्हणून, कसेही.

बंड्या_सांगलीकर
ताई वाचून पोटात कालवलं. पण एक विचारू का, मी स्वतः दोन वर्षं बॉक्सिंगला जातो, बॅगवर अर्धा तास काढला की मला खरंच बरं वाटतं, ऑफिसातल्या साहेबाचं तोंड डोळ्यासमोर आणतो आणि हाणतो. आता तर मोठ्या शहरांत रेज रूम निघाल्यात, पैसे भरा आणि टीव्ही, बाटल्या फोडा. मग हे सगळं चुकीचं का? काहीतरी निघत असणारच ना आतून, नाहीतर एवढी शांत झोप कशी लागली असती?

निर्झरा
बंड्यादादा, झोप लागते ती व्यायामाने, तो सोडू नका. गडबड साहेबाच्या तोंडाची आहे.

यावर अमेरिकेत ब्रॅड बुशमन नावाच्या संशोधकाने केलेला एक प्रयोग २००२ साली आला. ६०० कॉलेजच्या मुलामुलींना आधी राग आणला, म्हणजे त्यांनी लिहिलेल्या निबंधावर खूप वाईट शेरे मारून परत दिला. मग काहींना म्हटलं ज्याने शेरे मारले त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर मारा, काहींना म्हटलं आपण फिट होतोय असा विचार करत मारा, आणि काहींना नुसतं दोन मिनिटं गप्प बसवलं. नंतर बघितलं तर सगळ्यात जास्त चिडलेले कोण, तर त्या माणसाचा विचार करत मारणारे. आणि नंतर सूड घ्यायची संधी दिल्यावर सगळ्यात कमी सूड घेतला तो नुसत्या बसलेल्यांनी.

२०२४ साली त्याच बुशमनने सोफी क्येर्विक हिच्याबरोबर १५४ अभ्यास एकत्र करून पाहिले, १०,००० च्या वर माणसं होती त्यात. शरीराचा भडका खाली आणणाऱ्या गोष्टी, म्हणजे श्वास, ध्यान, योगासनं, स्नायू सैल सोडणं, यांनी राग उतरतो. भडका वाढवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत उतरत नाही, पळण्याने सुद्धा नाही.

तर बॅग जरूर मारा, पण मारताना पंचवर, पायांच्या हालचालीवर लक्ष ठेवा. साहेबाला जिमला नेऊ नका. साहेबाशी जे बोलायचंय ते एका कागदावर लिहा, आपण नंतर बघू.

जुनी_वही
ताई, इतिहासात जरा मागे गेलं तर हा सगळा प्रकार १८८० च्या सुमारास व्हिएन्नात सुरू झालेला दिसतो. डॉ. ब्रॉयरकडे एक तरुण मुलगी होती, केस म्हणून 'ॲना ओ' नावाने प्रसिद्ध, खरं नाव बर्था पापनहाइम. वडिलांच्या आजारपणात दिवसरात्र सेवा करून ती स्वतः आजारी पडली, हात लुळा, बोलणं बंद, आणि ऐन उन्हाळ्यात कित्येक आठवडे पाणीच पिता येईना, ग्लास ओठाला लावला की ढकलून द्यायची. मग संमोहनात तिने सांगितलं की तिच्या सोबतिणीचं कुत्रं ग्लासातून पाणी पीत होतं ते तिने पाहिलं, प्रचंड किळस आली, पण उद्धटपणा नको म्हणून ती गप्प राहिली. तो गिळलेला राग तिने जोरात बोलून दाखवला, आणि लगेच पाणी मागून भरपूर प्यायली. १८९५ साली ब्रॉयर आणि फ्रॉइडने हे छापलं आणि तिथून 'आत तुंबलेलं बाहेर काढलं की आजार जातो' ही कल्पना रुजली.

पण या गोष्टीचा पुढचा भाग फारसं कुणी सांगत नाही. तिला १८८२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सॅनेटोरियममध्ये ठेवावं लागलं होतं, म्हणजे बोलून टाकलं आणि बरी झाली असं घडलं नाही. फ्रॉइडनेही ही पद्धत पुढे सोडली. बर्था मात्र सावरली, १९०४ मध्ये तिने जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना काढली, बायकांच्या विक्रीविरुद्ध आयुष्यभर लढली. मला नेहमी वाटतं तिचा राग खरा कामाला लागला तो तिथे.

नंतर १९७० च्या आसपास अमेरिकेत आर्थर जॅनोव्हची किंचाळण्याची थेरपी आली, जॉन लेनन आणि योको ओनो पण गेले होते त्याच्याकडे. त्या लाटेतून पुढे काही अगदी भयानक प्रकार निघाले. २००० साली कोलोरॅडोत १० वर्षांच्या एका दत्तक मुलीला चादरीत घट्ट गुंडाळून 'पुनर्जन्म' म्हणून दाबून धरलं, ती श्वास येत नाही म्हणत राहिली, आणि गुदमरून गेली. अशा मुलांच्या आत राग साठलेला असतो आणि तो जबरदस्तीने काढायचा, असा त्या पंथाचा समज होता. दोघी थेरपिस्टना १६ वर्षांची शिक्षा झाली आणि कोलोरॅडोत त्या प्रकारावर कायद्याने बंदी आली. हे लक्षात ठेवायला हवं.

मनोवैद्य
निर्झराताई, धागा फार गरजेचा आहे. मी सायकियाट्रिस्ट, थोडं औषधांच्या बाजूने लिहितो.

कुठल्याही पेशंटचा राग 'काढायला' घेण्याआधी तो राग कुठून येतोय हे बघायला लागतं. मेनियामध्ये (मूड अति चढण्याचा आजार) चिडचिड हेच मुख्य लक्षण असू शकतं, अशा वेळी राग काढायचे व्यायाम म्हणजे आगीत रॉकेल. सायकोसिसमध्ये माणसाला शेजारी आपल्यावर विष टाकतोय असं वाटत असताना त्याला समोरच्या रिकाम्या खुर्चीत शेजारी बसलाय असं समजून बोला म्हणणं (थेरपीत अशी एक पद्धत असते) हे धोक्याचं आहे. दारू चालू असेल तर आधी दारू. थायरॉईड बघा, स्टेरॉईड चालू आहेत का बघा. आणि डिप्रेशनमध्ये, पुरुषांमध्ये तर बऱ्याच वेळा, दुःख दिसतच नाही, नुसता संताप दिसतो, छोट्या गोष्टीवर एकदम स्फोट आणि मग तासाभराने अपराधीपणा. ते औषधाने पण पुष्कळ निवळतं, थेरपीची वाट बघत गोळी थांबवू नये.

लहानपणीचे अत्याचार, बलात्कार, अशा केसेसमध्ये जुडिथ हर्मन या अमेरिकन डॉक्टरने १९९२ मध्ये जो क्रम मांडला तो मी अजून पाळतो, आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. पहिली पायरी झाल्याशिवाय दुसरीला हात घालायचा नाही, मग तिला सहा महिने लागू देत.

दत्ता_डोंबिवली
डॉक्टर, बरं झालं आपण इथे आहात. माझा मुलगा २९ वर्षांचा, स्किझोफ्रेनिया, ९ वर्षं झाली. आता गोळ्यांवर बराच स्थिर आहे, रोज संध्याकाळी माझ्याबरोबर गणपतीच्या देवळापर्यंत चालत येतो. माझ्या मेहुण्यांनी एक निवासी शिबिर सुचवलंय, तिथे म्हणे मुलाच्या मनातला वडिलांविषयीचा राग बाहेर काढतात, मग आजार मुळापासून जातो. मी त्याला शाळेत असताना अभ्यासावरून पुष्कळ बोललोय, एकदा मारलंही आहे. हे वाचून रात्री झोप नाही आली. माझ्यामुळे झालंय का हे? पाठवू का त्याला?

मनोवैद्य
काका, पाठवू नका. आणि तुमच्यामुळे झालेलं नाही. एवढं आधी वाचा, मग पुढचं.

स्किझोफ्रेनिया हा मेंदूचा आजार आहे, अभ्यासावरून बोलल्याने होत नाही. पूर्वी आईवडिलांना दोष देणारी मतं होती खरी, ती केव्हाच मोडीत निघाली. मात्र आजार झाल्यावर घरातलं वातावरण कसं आहे याचा पुन्हा अटॅक येण्याशी संबंध आहे, हे लंडनच्या ब्राउन, व्हॉन, लेफ या संशोधक मंडळींनी दाखवलं. सतत टीका, तिरस्कार किंवा अति काळजीने गुदमरवणं जास्त असलेल्या घरांत आजार जास्त उलटतो. १९८७ साली चंदीगडला तसाच अभ्यास झाला तेव्हा आपल्याकडच्या घरांत हे प्रमाण लंडनपेक्षा बरंच कमी निघालं. तुम्ही रोज त्याला देवळापर्यंत चालवत नेताय, न बोलता सोबत आहात, हा उपचाराचाच भाग आहे काका.

मुलाला तुमच्यावर राग असेल तर तो त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांसमोर, त्याच्या गतीने, तो स्थिर असताना बोलेल. गोळ्या बंद करायला लावणारं, मुळापासून घालवतो म्हणणारं कुठलंही शिबिर नको.

निर्झरा
दत्ताकाका, डॉक्टरांनी सगळं लिहिलंय, मी एवढंच म्हणते, तुमचा स्वतःचा राग कुठे जातो? ९ वर्षं. शुभंकरांचे, म्हणजे पेशंटला सांभाळणाऱ्या घरच्यांचे, स्वमदत गट असतात, ठाण्या-पुण्याकडे चालतात, त्यात एकदा जाऊन बसा. कुणी सल्ला देत नाही, ऐकतात.

सुमन_ताई
मी शिक्षिका होते, आता रिटायर. मला यातलं शास्त्र कळत नाही पण आमची आजी जात्यावर बसायची ते आठवलं. पहाटे चारला उठून दळायची आणि गात गात सासूला, नणंदेला, नवऱ्याला सगळं सुनवायची, कधी नाव घेऊन कधी आडून. सासू पलीकडे पडलेली असायची, तिला ऐकू जायचं, पण जात्यावरच्या गाण्याला कुणी उत्तर द्यायचं नाही असा अलिखित नियमच होता. समोर दुसरी बाई बसलेली असायची खुंटा धरून, ती पुढची ओळ उचलायची. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. गिरण्या आल्या, कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण ती समोर बसून ओळ उचलणारी बाई गेली असं मला वाटतं.

शिमग्यात बोंब मारायची मुभा तेवढी राहिली, ती पण पुरुषांना.

निर्झरा
सुमनताई, तुमचं हे मी माझ्या इंटर्न मुलींना वाचून दाखवणार आहे. ओळ उचलणारी बाई! थेरपिस्टचं काम याहून वेगळं नाही हो. आणि बघा ना, हात लयीत चाललेले, श्वास गाण्याला बांधलेला, म्हणजे अंगाचा भडका आपोआप काबूत, आणि त्याच वेळी तोंडाने नेमकं कुणी काय केलं ते बोलणं चाललंय.

आता मी जे करते त्याचं एक उदाहरण लिहिते. लांबेल, वाचा.

एक काकू, पन्नाशीच्या. छातीत आग, घशात गोळा, रात्री अंगातून वाफा. ईसीजी, इको, एंडोस्कोपी, थायरॉईड सगळं नॉर्मल, म्हणून फिजिशियननी पाठवलं. (कोरियात या लक्षणांना ह्वाब्युंग असं नावच आहे, रागाचा आजार, तिथेही संसारात वर्षानुवर्षं गिळत आलेल्या मध्यमवयीन बायकांचाच मुख्यतः. अमेरिकन मानसोपचारवाल्यांनी १९९४ च्या त्यांच्या मॅन्युअलमध्ये त्याची नोंद घेतली होती.) काकूंना रागाबद्दल विचारलं की म्हणायच्या, छे हो, मला राग येतच नाही. पण सासऱ्यांचा विषय निघाला की उजव्या हाताची मूठ वळायची, पदराचं टोक मुठीत धरून. सासरे जाऊन ६ वर्षं झालेली.

पहिले पाच सेशन मी फक्त एवढंच केलं, श्वास सोडताना लांब सोडायचा, पाय जमिनीला टेकलेत ते बघायचं, आणि मधेच विचारायचं, "काकू, हात काय म्हणतोय?" त्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असल्यासारख्या बघायच्या. एकदा म्हणाल्या, "चिडलाय वाटतं." मी नाही, हात चिडलाय. चाललं मला.

सहाव्या वेळी रिकामी खुर्ची ठेवली. माझ्याकडे निळी प्लास्टिकची खुर्ची आहे साधी. म्हटलं समजा मामंजी इथे बसलेत. आणि काकू ताडकन उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि भिंतीला लागून उभ्या राहिल्या. सासऱ्यांसमोर सून बसत नाही. रिकाम्या खुर्चीसमोर पन्नास वर्षांची बाई खाली मान घालून उभी. मी बसा म्हटलं नाही, बोला पण म्हटलं नाही. विचारलं, आत्ता स्वतःचं वय किती वाटतंय? "बावीस." त्या दिवशी तेवढंच. खुर्ची बाहेर नेऊन ठेवली, चहा घेतला दोघींनी.

पुढच्या दोन सेशननंतर त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दारापाशी नेली, लांब, आणि आपण बसल्या. मग सांगितलं. वडील मिरजेला ऍडमिट होते, निरोप आला की लेकीला पाठवा. शेतात उसाची तोडणी चालू, वीसेक माणसांच्या भाकरी काकूंच्या अंगावर. सासरे म्हणाले तोड झाल्यावर जा. तिसऱ्या दिवशी वडील गेले. काकू थेट मातीला पोचल्या. २८ वर्षं हे कुणाला बोलल्या नव्हत्या, नवऱ्यालासुद्धा नाही, कारण बोलण्यासारखं काही घडलंय असं कुणी धरलंच नव्हतं.

त्या खुर्चीला म्हणाल्या, "मामंजी, मला जाऊ द्यायला पाहिजे होतं." आवाज चढला नाही. मी म्हटलं पुन्हा म्हणा. पुन्हा म्हणाल्या. तिसऱ्या वेळी घसा मोकळा झाला, ताठ बसून म्हणाल्या. त्यात शिवी नाही, शाप नाही. मग वडिलांसाठी रडल्या, पोट धरून, मातीच्या दिवशी रडू दिलं नव्हतं तेवढं सगळं. रागाच्या खाली हे होतं.

पद्धतीप्रमाणे मग समोरच्या खुर्चीत जाऊन सासऱ्यांच्या बाजूने बोलायचं असतं. काकू म्हणाल्या, "त्या खुर्चीत मी नाही बसणार." ठीक म्हटलं. मला त्यांनी दिलेला तो पहिला नकार होता, मला तो फार मोलाचा वाटला.

असं सेशन झालं की शेवटची पंधरा मिनिटं मी राखूनच ठेवते. पाणी, श्वास, खिडकीबाहेर काय दिसतंय ते सांगा, संध्याकाळी घरी काय करणार, कोण असेल. तापलेल्या माणसाला तसंच एसटीत बसवून घरी पाठवायचं नाही, हे मी त्या पोराच्या पाठीवरून शिकले. काकूंची आग अजून अधूनमधून होते, गोळी पण चालू आहे छोटी. घशातला गोळा गेलाय.

टोरोंटोची_मधुरा
ताई मी रडतेय वाचून. मी याच प्रकारची थेरपी इथे कॅनडात घेतली. इथल्या यॉर्क युनिव्हर्सिटीतले लेस्ली ग्रीनबर्ग यांनी ही भावनांवर काम करायची थेरपी उभी केली, खुर्चीचं तंत्र त्यांच्या आधीचं, सायकोड्रामा आणि गेस्टाल्ट या जुन्या थेरपीवाल्यांचं. माझी थेरपिस्ट समजावून सांगायची की वरवरचा राग वेगळा, जो खरं तर दुखावल्याच्या किंवा भीतीच्या वर झाकण म्हणून येतो, तो कितीही काढला तरी संपत नाही, आणि मुळातला राग वेगळा, जो म्हणतो की हे माझ्यावर चुकीचं झालं. पहिल्याच्या खाली उतरायचं, दुसऱ्याला बोलू द्यायचं.

माझी अडचण वेगळीच झाली. मी सगळं इंग्रजीत बोलायचे, छान मुद्देसूद बोलायचे, आणि काही वाटायचंच नाही. चार महिन्यांनी ती म्हणाली, तू आईशी ज्या भाषेत बोलतेस त्यात बोल, मला कळलं नाही तरी चालेल. मी खुर्चीकडे बघून "आई, तू" म्हटलं आणि पुढे शब्दच फुटेना, नुसते ओठ थरथरायला लागले. मग म्हटलं, "आई, तू दादाला विचारायचीस जेवलास का. मला विचारायचीस स्वयंपाक झाला का." त्या बाईला एक अक्षर कळलं नाही, पण तिच्या डोळ्यात पाणी होतं. परदेशात असाल तर थेरपी शक्यतो मराठीत बोलणाऱ्याकडे घ्या, आता ऑनलाइन मिळतात, किंवा निदान त्या वाक्यांपुरतं तरी मराठीत या.

रोखठोक_पाटील
सगळ्यांचा आदर ठेवून एक वेगळं मत मांडतो. मेलेल्या सासऱ्यावर, म्हाताऱ्या आईवर राग उकरून काय साधतं? त्या माणसांनी पण त्यांच्या काळात जे कळलं ते केलं. आपल्या संतांनी क्षमा शिकवली, माफ करून टाकावं आणि पुढे जावं. मी माझ्या वडिलांना माफ केलंय आणि शांत आहे.

निर्झरा
पाटीलदादा, तुम्ही शांत आहात याचा मनापासून आनंद आहे. माफी चांगलीच आहे, माझे काही पेशंट पण तिथपर्यंत पोचतात. पण काय माफ करतोय हे तरी आधी माहीत व्हायला हवं ना? काकू २८ वर्षं "त्यांचं काही चुकलं नाही" म्हणत होत्या, आणि चुकलंच नाही म्हटल्यावर माफ कशाला करणार. त्या सेशननंतर दोन महिन्यांनी त्या स्वतःच म्हणाल्या की मामंजींनाही कारखान्याची गाडी चुकायची भीती असेल. मी हे त्यांच्या तोंडात घातलं नव्हतं. आणि एखादीला कधीच माफ करावंसं वाटलं नाही, विशेषतः अत्याचार झाला असेल तर, मी तिला ती वाट दाखवतसुद्धा नाही.

नको_नाव
नवीन आहे इथे, चुकलं तर सांभाळून घ्या. वय २४. ऍन्झायटी आणि डिप्रेशनसाठी थेरपी चालू आहे सहा महिने. माझ्या काउन्सेलर उशी मारायला सांगतात. मारल्यावर मला स्वतःचीच भीती वाटते, घरी जाताना बसमध्ये हात थरथरतात, आणि दोन दिवस मी काकाबद्दल (ज्यांच्यावर राग आहे ते) जास्तच विचार करतो, त्यांना काय काय करावं असे विचार येतात, मग वाटतं मी राक्षस आहे. दोन अपॉइंटमेंट बुडवल्या. त्या चांगल्या आहेत, त्यांना वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.

निर्झरा
तुम्ही राक्षस नाही आहात. विचार येणं आणि करणं यात फार अंतर असतं, आणि तुम्हाला त्या विचारांची भीती वाटतेय. पण एक सरळ विचारते, तसं खरंच काही करावं, किंवा स्वतःला संपवावं, असं वाटतंय का? वाटत असेल तर आज रात्रीच घरातल्या एका माणसाला सांगा, आणि टेलिमानसचा १४४१६ नंबर फिरवा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, २४ तास.

तसं नसेल तर, जे इथे लिहिलंत ते जसंच्या तसं काउन्सेलरना दाखवा. त्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसणं, हेच तर काकांसमोर पण केलं असेल ना तुम्ही? मला माझ्या त्या पेशंटने एवढं जरी सांगितलं असतं की घरी जाताना हात थरथरतात, तर मी तिथेच थांबले असते. मी विचारलं नाही, ती चूक माझी. त्यांना सांगा उशी नको, आधी शांत व्हायचं शिकवा. शिवाय त्यांचं शिक्षण काय, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन आहे का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, त्यात उर्मटपणा काही नाही.

मधल्या काळात हवं तर लिहा. पेनबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना रोज १५ मिनिटं, चार दिवस, मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं होतं, काय घडलं आणि काय वाटलं दोन्ही, आणि त्या मुलांच्या पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पण लिहून दहा मिनिटांत अंग तापलं, श्वास अडकला तर वही बंद, तोंडावर गार पाणी, त्या दिवशी पुन्हा उघडायची नाही. बंड्यादादा, तुमच्या साहेबांच्या कागदालाही हेच लागू.

मनोवैद्य
सहमत. आणि गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका.

बंड्या_सांगलीकर
लिहायला घेतलं ताई. पहिल्या दिवशी दीड पान नुसत्या शिव्या. तिसऱ्या दिवशी लिहिता लिहिता आलं की माझं बाळ झालं त्या आठवड्यात साहेबाने सुट्टी नाकारली होती आणि मी हो सर म्हणून बसलो. बायको एकटी होती दवाखान्यात. हे मी विसरलो होतो असं नाही, पण राग याचाच आहे हे माहीत नव्हतं. काल बायकोला वाचून दाखवलं.

दत्ता_डोंबिवली
शिबिराला 'येत नाही' असं कळवून टाकलं. मेहुणे रागावलेत, राहू दे. रविवारी ठाण्याला गटात जाऊन आलो. मी काही बोललो नाही, पण एक बाई बोलत होत्या ते सगळं माझंच होतं.

नको_नाव
दहा दिवसांनी लिहितोय. तसे विचार नव्हते, काळजी करू नका. गेलो होतो काउन्सेलरकडे, बोलायला जमेना म्हणून हा धागाच मोबाईलवर त्यांच्या हातात दिला. त्यांनी सगळा वाचला, वेळ लागला, मी पंख्याकडे बघत बसलो. मग उठल्या आणि उशी कपाटात ठेवली. म्हणाल्या, मी तुला विचारायला हवं होतं. मग बराच वेळ नुसतं श्वासाचं केलं. शेवटी त्यांनी विचारलं की काकांना एकच वाक्य म्हणायचं असेल तर काय म्हणशील, मारायचं नाही, ओरडायचं नाही. मी म्हटलं, "मी आठ वर्षांचा होतो."

पुढे नाही बोलता आलं. पण हात नाही थरथरले बसमध्ये. पुढची अपॉइंटमेंट मंगळवारी आहे.

निर्झरा
जा मंगळवारी. मग जमलं तर लिहा, नाही जमलं तरी चालेल.